स्प्रिंग बसली, पण जुळली का? एअर रायफलचा झटका, बफर आणि बाजारातले पार्ट

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका दादांचा आहे, थोडक्यात सांगतो. वडिलांच्या वेळची ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची, एअर रायफल घरात होती, जोर कमी झाला म्हणून त्यांनी ऑनलाइन 'हेवी ड्यूटी' स्प्रिंग, पिस्टनवर बसणारं सिंथेटिक सील आणि बटाला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, लावायचा रबरी रिकॉइल पॅड मागवला. स्प्रिंग घातल्यावर गन कॉकच होईना, म्हणजे स्प्रिंग दाबून पिस्टन मागे अडकेना, म्हणून ग्राइंडरने दोन वेढे कापले, मग कॉक झाली. आता झटका आधीपेक्षा जास्त बसतो, बटाचे स्क्रू पंधरा-वीस छर्र्यांत सैल होतात, स्कोपचं झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकत नाही आणि प्रत्येक वेळी खण्ण आवाज येतो. शिवाय विचारलंय की अमेरिकन व्हिडिओत बफर बदलून झटका कमी करतात तसा बफर आपल्या गनमध्ये बसेल का, आणि कुठल्या क्वालिटीचे पार्ट घ्यावे.

दादा, सगळ्यात आधी एक विनंती, ही गन सध्या चालवू नका. का ते खाली येईलच. मी पोलोग्राउंडला वडिलांच्या लेथवर काम शिकलो, गेली सत्तावीस वर्षं स्प्रिंगा आणि एअर गनचंच काम करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात गनांची कहाणी अगदी तुमच्यासारखीच असते. चांगली चाललेली, थोडी थकलेली गन, आणि तिच्यात कुणीतरी घातलेला 'जास्त जोराचा' पार्ट.

आधी तो बफर काय आहे ते बघू, म्हणजे गोंधळ राहणार नाही. तुम्ही बघितलेले व्हिडिओ एआर-१५ जातीच्या सेल्फ-लोडिंग रायफलचे आहेत, १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनर यांनी डिझाइन केलेली. तिच्यात गोळी सुटली की गॅसच्या दाबाने बोल्ट कॅरिअर, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला धरणारा तुकडा, मागे येतो आणि बटाच्या आत जी नळी असते तिच्यातल्या स्प्रिंगवर जाऊन दाबतो, त्या स्प्रिंगच्या तोंडाशी एक लांबट डबीसारखा जड तुकडा असतो तो बफर. डबीच्या आत सुटे वजनाचे तुकडे असतात, कॅरिअर पुढे जाऊन बंद झाला की हे तुकडे क्षणभर उशिरा येऊन आतून ठोकतात आणि कॅरिअरला उसळू देत नाहीत. आपल्याकडे आत शिसाचे छर्रे भरलेली न उसळणारी हातोडी मिळते ना, तेच तत्त्व. आता ह्याच्यातसुद्धा वजनं वेगवेगळी, कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलचा, साधा बफर ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम, त्याहून जड एच ३.८ औंस, एच-टू ४.६ च्या आसपास, एच-थ्री साधारण ५.४. नळीचेही दोन प्रकार, मिल-स्पेक म्हणजे लष्करी मापाच्या नळीचा बाहेरचा व्यास १.१४८ इंच आणि कमर्शियल साधारण १.१७ इंच, म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरचा. नुसतं बघून कळत नाही पण एकीचा बट दुसरीवर नीट बसत नाही, एक तर चढत नाही नाहीतर खुळखुळतो. आतला बफर मात्र दोन्हीत तोच चालतो. उलट लांब रायफलच्या नळीत कार्बाइनचा छोटा बफर घातला तर तो आत जातो, काहीच अडत नाही, पण मग कॅरिअर गरजेपेक्षा जास्त मागे येऊन रिसीव्हरवर, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यावर, आपटतो. पार्ट बसला म्हणजे जुळला असं नसतं, ते इथे स्पष्ट दिसतं. आपल्या सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींची ऑर्डर दिली, त्याही ह्याच घराण्यातल्या, बटात बफर असलेल्या.

पण ते सगळं फायरआर्म. त्याचे सुटे पार्टसुद्धा १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये 'आर्म्स' या व्याख्येतच येतात, म्हणजे बफर असो की बोल्ट, कुठून मागवणं, बनवणं, घरात खोलून बसणं हा आपला विषयच नाही. लायसन्सवाली कुठलीही बंदूक असेल तर ती लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच जाते, माझ्याकडेही कुणी आणली तर मी हात लावत नाही, परत पाठवतो.

आणि तुमच्या गनमध्ये तो बफर बसायला जागाच नाही, कारण तिथे मागे येणारा बोल्टच नाही. तुमच्या गनमध्ये बफर आहे, फक्त तो विकत मिळत नाही. तो हवेचा आहे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. नळी मोडून गन कॉक केली की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन ट्रिगरच्या आकड्यात अडकतो. ट्रिगर ओढला की पिस्टन सुटतो, पुढे धावतो, आणि पिस्टन नि स्प्रिंग पुढे धावतात म्हणून बाकीची गन मागे येते, हा पहिला झटका, खांद्यावर लागणारा. पिस्टनच्या पुढे सिलिंडरमधली हवा दाबली जात असते, शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दाब इतका वाढतो की छर्रा हलतो आणि पिस्टन त्या दाबलेल्या हवेच्या गादीवर थांबतो, थांबतो म्हणजे थोडा मागे उसळतो आणि मग हळू जाऊन टेकतो. पिस्टन अचानक थांबला की गन पुढे ओढली जाते, हा दुसरा झटका, पुढच्या दिशेचा. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास होतं म्हणून आपल्याला एकच धक्का वाटतो, पण स्कोपला दोन वेगळे लागतात. साधे स्कोप मागच्या दिशेचा धक्का सहन करायला बनवलेले असतात, पुढच्या दिशेच्या ह्या उलट्या झटक्याने त्यांच्या आतल्या भिंगांची रिंग सैल होते, आणि म्हणूनच मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं चाललेला स्कोप एअर गनवर महिन्याभरात जातो. लोकांना हे पटत नाही, म्हणतात अहो ही तर खेळण्यातली गन.

तर हवेची गादी चांगली असेल तर पिस्टन धातूवर आपटत नाही. गादी कधी बिघडते? एक, सील गळत असेल तर. दोन, छर्रा न घालता चालवली तर, कारण हवेला अडवायला पुढे काहीच नसतं, ती भुर्रकन निघून जाते आणि पिस्टन सरळ सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. लग्नात, पिकनिकला, घरी पाहुणे आले की रिकामी गन कॉक करून 'बघ कशी वाजते' हे करतात ना, ते एकदासुद्धा करू देऊ नका, पोरांना तर आधीच सांगून ठेवा. तीन, छर्रा फार हलका किंवा नळीत सैल असेल तर. आणि चार, स्प्रिंग इतकी कडक की पिस्टन त्या गादीच्या आवाक्याबाहेर जोराने येतो. तुमचं चौथं झालंय, आणि बहुतेक पहिलंही.

आता तुम्ही मापं पाठवली ते फार चांगलं केलं, बहुतेक जण फक्त फोटो पाठवतात आणि फोटोवरून स्प्रिंग कळत नाही. जुनी स्प्रिंग तार ३ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २०, ३६ वेढे, मोकळी लांबी २३५. नवी तार ३.२, बाहेरचा व्यास तोच २०, ३८ वेढे, लांबी २५५. गनमध्ये स्प्रिंगला मिळणारी जागा सुटल्यावर १८५ आणि पूर्ण कॉक केल्यावर १२०. बाहेरचा व्यास तोच म्हणून तुम्हाला आणि विकणाऱ्याला वाटलं की बसणार, आणि बसलीही. पण हिशोब बघा.

स्प्रिंग पूर्ण दाबली की वेढा वेढ्याला टेकतो, तेव्हाची लांबी म्हणजे वेढे गुणिले तारेची जाडी. जुनीची ३६ गुणिले ३ म्हणजे १०८, जागा १२०, बारा मिलिमीटर शिल्लक. नवीची ३८ गुणिले ३.२ म्हणजे १२१.६, आणि जागा १२०. म्हणजे ती स्प्रिंग त्या गनमध्ये कॉक होणं शक्यच नव्हतं, पिस्टन आकड्यापर्यंत पोचायच्या आधीच वेढे एकमेकांना भिडले. अशा वेळी माणूस काय करतो, आणखी जोर लावतो. तो जोर मग कॉकिंगच्या लिंकवर, म्हणजे पिस्टन मागे नेणाऱ्या दांडीवर, आणि नळी जिथे मोडते त्या पिव्होट बोल्टवर जातो, लिंक वाकते, बोल्टचं छिद्र लांबट होतं, आणि नळी बंद झाल्यावर रोज वेगळ्या जागी बसते. किती जोर लावला होता तुम्हालाच माहीत, पण तुमचं झिरो न टिकण्यात ह्याचाही वाटा असू शकतो, फक्त स्कोपला दोष देऊ नका. नळी बंद करून हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, जराही खेळ जाणवला तर आधी पिव्होट बघा.

मग तुम्ही दोन वेढे कापले. इथे एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते, स्प्रिंग कापली की ती नरम होत नाही, प्रत्येक मिलिमीटरला ती जास्त कडक होते, कारण तोच दाब आता कमी वेढ्यांवर येतो. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, ३ ची ३.२ झाली हे ऐकायला काहीच वाटत नाही पण नुसत्या त्यानेच २९ टक्के वाढ. त्यात बाहेरचा व्यास तोच ठेवून तार जाड झाली म्हणजे वेढ्याचा मधला व्यास १७ वरून १६.८ वर आला, त्याने अजून थोडी, आणि कापून वेढे परत ३६ झाले. सगळं मिळून तुमची कापलेली स्प्रिंग जुनीपेक्षा साधारण ३४ टक्के कडक आहे. कापल्यावर लांबी २४० च्या आसपास राहिली असेल, म्हणजे गनमध्ये आधीच ५५ मिलिमीटर दाबून बसली आहे, जुनी ५० दाबून बसायची. साठवलेली ऊर्जा काढली तर वाढ चाळीस टक्क्यांच्या वर. पिस्टन तोच, सिलिंडर तोच, पुढचं हवा जायचं बारीक छिद्र तेच, छर्रा तोच. मग ही जास्तीची ऊर्जा जाणार कुठे? थोडी छर्र्याला मिळते, बाकीची झटक्यात, पिस्टनच्या उसळीत, बटाच्या स्क्रूंमध्ये आणि स्कोपमध्ये जाते. तुमचे स्क्रू सैल होतात ते आपोआप नाही होत.

वेगाच्या मोहाबद्दल अजून एक सांगतो कारण ते कायद्याशी जोडलेलं आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर गन लायसन्सशिवाय ठेवता येते, त्याच्या वर गेली की लायसन्स लागतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटरने गेला तर १५.६ ज्यूल, २८० ने गेला तर १९.६, आणि २९० ला २१ ज्यूल. म्हणजे वरच्या टोकाला दहा मीटरचा फरक तुम्हाला रेषेच्या पलीकडे नेतो. तुमची जुनी गन त्याच्या खूप खाली असेल, पण नवीन पॉवरफुल मॉडेलवाले 'ट्यूनिंग' करून द्या म्हणून येतात त्यांना मी हे गणित कागदावर करून दाखवतो आणि काम घेत नाही. पंचवीस मीटरवर डबा पाडायला किंवा कार्डावर गोल काढायला दहा-अकरा ज्यूल भरपूर झाले.

कापलेल्या टोकाचं काय, ते तर सगळ्यात वाईट. कारखान्याची स्प्रिंग टोकाला बंद आणि ग्राइंड करून सपाट केलेली असते म्हणून ती सरळ उभी राहते. ग्राइंडरने कापलेलं टोक तिरकं, तीक्ष्ण, आणि कापताना तार निळी पडली असेल तर तिथलं पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. तिरकं टोक म्हणजे स्प्रिंग सुटताना एका बाजूला वाकते, पिस्टनच्या आतून घासते, बारीक चुरा पाडते आणि तो चुरा ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करतो. तुमचा खण्ण आवाज बहुतेक तोच. आणि हाच चुरा ट्रिगरच्या आकड्यात गेला तर पिस्टन अर्धवट अडकून हातात नळी उघडी असताना सुटू शकतो, नळी फाटकन मिटते, आणि मध्ये बोट असेल तर गेलं. म्हणून म्हटलं चालवू नका. कुठलीही ब्रेक बॅरल असो, छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेलीच पाहिजे, ट्रिगरवर विश्वास ठेवायचा नाही, सेफ्टीवरही नाही.

सीलकडे येतो. जुन्या गनांमध्ये, खास करून जुन्या जर्मन आणि ब्रिटिश गनांच्या धर्तीवर आपल्याकडे बनलेल्यांमध्ये, चामड्याचा वॉशर असतो. लोक चामडं म्हणजे मागासलेलं समजून काढून टाकतात, पण चांगला बसलेला चामड्याचा वॉशर जुन्या सिलिंडरला फार छान धरतो, कारण सिलिंडर आतून तेवढा गुळगुळीत आणि एकसारखा गोल नसतो आणि चामडं ते सांभाळून घेतं. त्याला फक्त ओलावा लागतो, आपल्या माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कपाटात पडलेल्या गनचा वॉशर पापडासारखा होतो, सिलिकॉन ऑइलचे दोन-तीन थेंब छिद्रातून सोडून गन रात्रभर नळी वर करून उभी ठेवली की बऱ्याचदा जोर परत येतो. तुमच्या गनचा 'जोर कमी झाला' तो कदाचित एवढ्यानेच आला असता, स्प्रिंगला हात न लावता. हे आधी कुणी सांगायला पाहिजे होतं तुम्हाला, मला खरंच वाईट वाटतं.

शिवण मशीनचं तेल किंवा इंजिन ऑइल मात्र पिस्टनच्या पुढे कधीच नाही. पेट्रोलियमचं तेल दाबलेल्या गरम हवेत पेट घेतं, डिझेल इंजिनमध्ये होतं तसंच, धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो, पोरं खूश होतात, आणि सील जळतं, स्प्रिंगला उलटा मार बसतो. सिलिकॉन ऑइल उलट स्प्रिंगवर किंवा लोखंड लोखंडाला घासतं तिथे नाही, तिथे ते काही कामाचं नाही, तिथे मोलिब्डेनमवालं ग्रीस, आणि तेही बोटाने पातळ पुसून, लिंपायचं नाही.

सिंथेटिक सील चांगलंच असतं, पण त्याचं माप आणि तुमच्या पिस्टनचं डोकं जुळायला हवं. ह्या सीलला पुढे पातळ ओठ असतो, दाब आला की तो छत्रीसारखा फुलून सिलिंडरला चिकटतो. म्हणून ते ठासून बसवायचं नसतं. तपासायची पद्धत सोपी, स्प्रिंग न घालता नुसता पिस्टन सीलसकट सिलिंडरमध्ये घाला, थोड्या प्रतिकाराने हाताने सरकला पाहिजे. मग पुढचं छिद्र बोटाने बंद करून पिस्टन पुढे ढकला, हवेची गादी हाताला जाणवली पाहिजे आणि सोडल्यावर पिस्टन मागे आला पाहिजे. आपोआप घसरला तर सैल, ठोकावा लागला तर घट्ट. घट्ट असेल तर फार बारीक पेपरने, गोल फिरवत, ओठाला धार ठेवून कमी करतात, आणि सिलिंडरमध्ये कॉकिंगच्या खाचेजवळची कड आधी घासून मऊ करायची नाहीतर सील आत घालतानाच कापलं जातं. नवं सील बसवलं आणि जोर आला नाही असं म्हणत येणाऱ्या गनांमध्ये निम्म्यांना ती कापल्याची रेघ सापडते. तुमच्यातही आधी तीच बघा. जुनं सिंथेटिक असेल तर वेगळी गंमत, सत्तरच्या दशकातल्या काही नामांकित जर्मन मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, रायफलींचे प्लास्टिकचे सील न वापरतासुद्धा नुसत्या वयाने चिकट चुरा होतात. तेव्हा 'न वापरलेला जुना ओरिजिनल पार्ट' मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका.

रबरी पॅडबद्दल जास्त बोलायला नाही. तो खांद्याला आराम देतो आणि बटाची लांबी वाढवतो, लहान पोर चालवणार असेल तर ते उलट गैरसोयीचं. गनच्या आत काय चाललंय त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पिस्टनच्या पुढे रबराची चकती टाकून 'बफर' बनवणारेही बघितलेत, तसं कृपा करून करू नका, पिस्टनची धाव कमी होते, हवेचा हिशोब बिघडतो आणि रबराचे तुकडे छिद्रात जातात.

झटका खरंच सुसह्य करायचा असेल तर तीन जागा आहेत. स्प्रिंग गाईड, म्हणजे स्प्रिंगच्या आतला तो मागचा दांडा, स्प्रिंगमध्ये हाताने थोडा जोर लावून सरकेल इतका नेटका हवा, बऱ्याच गनांमध्ये तो पत्र्याचा आणि सैल असतो, स्प्रिंग त्याच्यावर थरथरते आणि वाजते. डेलरिन या कडक प्लास्टिकच्या दांड्यातून लेथवर काढलेला गाईड हा माझ्या मते ह्या गनांवर खर्च केलेल्या पैशातला सगळ्यात चांगला पैसा. दुसरं, पिस्टनच्या आत स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला टोपीसारखा तुकडा घालतात तो, त्याने स्प्रिंग मधोमध राहते, पण तो लोखंडाचा जाड केला तर पिस्टनचं वजन वाढतं आणि परत झटका बदलतो. अमेरिकन बफरच्या वजनाची जी बारकाई तुम्ही व्हिडिओत बघितली ती आपल्याकडे इथे लागू पडते, पिस्टन, टोपी आणि स्प्रिंगचं साधारण एक तृतीयांश वजन, एवढं सगळं पुढे धावतं. तिसरं म्हणजे धरायची पद्धत. स्प्रिंग गन आवळून धरायची नसते, पुढचा हात उघडा ठेवून त्याच्यावर गन नुसती टेकवायची आणि तिला हवी तशी मागे-पुढे सरकू द्यायची, दर वेळी एकाच जागी टेकवायची. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच गन हललेली असते, आवळलं की ती दर वेळी वेगळी हलते. माझ्याकडे 'ग्रुप फुटतो', म्हणजे छर्रे एका जागी न लागता पसरतात, म्हणून आलेल्या कित्येक गना मी न उघडता परत दिल्यात, फक्त धरायला शिकवून.

मॅचसाठी मुलांना तयार करायचं असेल तर हा सगळा खटाटोप वेगळ्या कारणासाठी समजा. जुन्या काळी फाइनवेर्कबाऊ ३०० सारख्या रायफलीत सगळी ॲक्शन रुळांवर मागे सरकायची, आणि डायनाच्या गिस पद्धतीत दोन पिस्टन उलट दिशेने धावायचे म्हणून झटका आपसात कटायचा, काय सुंदर काम होतं ते. आता दहा मीटरच्या मॅचमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफली असतात, त्यांना स्प्रिंगच नाही. आपल्या शेजारच्या खरगोनचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे ज्याने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं, ह्यांना बघून पोरं येतात आणि घरची स्प्रिंग गन 'मॅचसारखी' करून मागतात. ती तशी होणार नाही, पण तिच्यावर श्वास, ट्रिगर आणि गन सुटल्यावरही नजर न हलवणं हे फार चांगलं शिकता येतं कारण ती चूक माफ करत नाही.

क्वालिटीचं विचारलंत. पाकिटावर 'जर्मन स्टील' लिहिलंय त्याला काही अर्थ नाही, मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून तशा सहा स्प्रिंगा घेतल्या होत्या, चार काचेवर लोळवल्यावर केळ्यासारख्या डोलत होत्या. तेच करून बघा, सपाट काचेवर लोळवा, सरळ लोळली पाहिजे. उभी करा, आधाराशिवाय सरळ उभी राहिली पाहिजे. टोकं सपाट आणि तारेच्या पाऊण वेढ्याइतकी ग्राइंड झालेली हवी. मोकळी लांबी लिहून ठेवा, मग चार-पाच वेळा पूर्ण दाबून परत मोजा, थोडी कमी होईल, ते चालतं, त्याला स्प्रिंग 'बसणं' म्हणतात, पण दुसऱ्यांदा पाच वेळा दाबल्यावर पुन्हा कमी झाली तर माल कच्चा. हे दाबणं व्हाइसमध्ये, आत दांडा घालून, चेहरा बाजूला ठेवून. सियागंजमध्ये तयार मिळेल ती घेण्यापेक्षा मी सांवेर रोडला स्प्रिंगवाल्याकडून बनवून घेतो, त्याला तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण वेढे, मोकळी लांबी, टोकं बंद आणि ग्राइंड हे लिहून देतो, तार म्युझिक वायर, म्हणजे स्प्रिंगसाठीची कडक पोलादी तार, आणि वळल्यावर अडीचशे अंशांच्या आसपास अर्धा तास भट्टीत, हे शेवटचं विसरू देऊ नका, ते केलं नाही तर महिन्यात स्प्रिंग खाली बसते. खर्च तयार स्प्रिंगपेक्षा फार जास्त येत नाही.

आणि खोलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरलाच पाहिजे. मागची पिन काढल्यावर पन्नास मिलिमीटर दाबलेली स्प्रिंग मोकळी होते, मी एकविसाव्या वर्षी छातीला लावून, हाताने धरून काढायला गेलो होतो, मागचा ब्लॉक अंगठ्यावर येऊन आदळला, अंगठ्याचं पेर अजूनही पूर्ण वाकत नाही. लाकडाच्या दोन फळ्या आणि एका जाड आटेवाल्या बोल्टाचा कॉम्प्रेसर घरी बनतो, नाहीतर माझ्याकडे या, पैसे घेणार नाही, पण हाताने नको.

तर तुमच्या गनसाठी दादा असं करा. कापलेली स्प्रिंग काढा, जुनी स्प्रिंग काचेवर लोळवा, सरळ असेल तर तीच परत घाला, २३५ मिलिमीटर लांबी ही काही मेलेली स्प्रिंग नाही. सिलिंडर आणि पिस्टन आतून केरोसीनने धुऊन चुरा सगळा काढा, ट्रिगरचा आकडा टॉर्च मारून बघा, धार गोल झाली असेल तर तिथे थांबा आणि गन घेऊन या. सील बोटाच्या पद्धतीने तपासा. बटाच्या स्क्रूंना स्टार वॉशर आणि निळं थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, लाल नको, ते नंतर सहज निघत नाही. स्कोपचा माउंट एकसंध आणि मागे स्टॉप पिनवाला, आणि स्कोप एअर गनसाठीचा आहे का ते बॉक्सवर वाचा, नसेल तर सध्या साध्या साईटवरच झिरो करा म्हणजे दोष नळीचा की स्कोपचा ते कळेल. पावसाळा आलाय, धुतल्यावर त्याच दिवशी तेलाचा हात फिरवा नाहीतर सकाळी गंज दिसेल.

एक माप तुम्ही पाठवलं नाही, गाईडचा बाहेरचा व्यास. जुन्या स्प्रिंगच्या आत १४ मिलिमीटर जागा आहे, नवीच्या आत १३.६. गाईड १३.८ चा असेल तर नवी स्प्रिंग त्याच्यावर ठासून बसली असणार आणि त्याच्यावर घासल्याच्या रेघा दिसतील. व्हर्नियरने तीन जागी मोजून सांगा, रेघा असतील तर फोटोही पाठवा, मग गाईड नवा काढायचा की जुनाच घासून चालेल ते बघतो.